शंकेखोर गिऱ्हाईक परवडलं

जुनं घड्याळ घरच्या घरी विकायला काढलं की विकणारा सगळ्यात जास्त वैतागतो तो प्रश्न विचारणाऱ्यावर. मागचं झाकण उघडून फोटो पाठवा. पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं? तबकडी मूळचीच आहे ना? सर्व्हिसिंग कधी केलं, कोणाकडे केलं? दहा प्रश्न होतात, अकरावा येतो, आणि विकणारा म्हणतो, घ्यायचं तर घे, नाहीतर सोड.

मला हे पटत नाही. असं गिऱ्हाईक आलं तर त्याला वेळ द्या. हात राखून उत्तरं देऊ नका, खुलासेवार द्या. जुन्या घड्याळाच्या बाजारात खरा ताप देणारा माणूस वेगळा असतो. तो घड्याळ धड पाहत नाही, भाव करत नाही, "छान आहे, घेतो" म्हणतो आणि मोकळा होतो. प्रश्न त्यालाही असतात. ते तो व्यवहार झाल्यावर विचारतो. किंवा त्याला घड्याळ नकोच असतं, तुमचं बँक खातं हवं असतं.

आधी शंकेखोर माणसाची बाजू मांडतो, कारण ती कोणी मांडत नाही.

एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावं मराठी घराघरांत मनगटावर होती. दहावी पास झाला की घड्याळ, लग्नात जावयाला घड्याळ, निवृत्तीला घड्याळ. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटीचा घड्याळाचा धंदा बंद करायला मंजुरी दिली आणि कपाटाच्या तळाशी पडलेल्या घड्याळांना अचानक मागणी आली. मागणी आली तसे रंगारीही आले. जुनी, डाग पडलेली तबकडी खरवडायची, नवा रंग मारायचा, वर नाव छापायचं, काटे दुसऱ्या कुठल्या घड्याळाचे लावायचे, केस घासून चकचकीत करायची आणि "एकदम मिंट कंडिशन" म्हणून विकायचं. पायलटची ओळख काळ्या तबकडीची. आज तेच नाव केशरी, पोपटी आणि जांभळ्या तबकड्यांवर सर्रास दिसतं. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांनी अशा रंगवलेल्या घड्याळांना नाव दिलंय "मुंबई स्पेशल". आपल्या शहराचं नाव फसवणुकीसाठी वापरलं जातं याचा मला मनापासून राग येतो. पण तो राग प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकावर काढून काय उपयोग? त्याची शंका रास्त आहे. त्याला ती आपल्याच बाजारानं शिकवली.

दादरला एका घड्याळजींच्या काउंटरवर मी असा एक व्यवहार पाहिला. विकणारे निवृत्त गृहस्थ, घेणारा कॉलेजातला मुलगा, मध्ये एचएमटी जनता. मुलगा म्हणाला, "काका, राग नका मानू, पण उघडून बघू या का?" काकांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी घड्याळ पुढे सरकवलं. घड्याळजींनी खाचेत पातळ पातं घालून झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आधी मशीनकडे न बघता झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली. तिथे सुईच्या टोकानं ओरखडलेल्या बारीक तारखा होत्या. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवत. ती त्या घड्याळाची आजारपणाची वही. मुलानं त्या तारखा एकेक करून वाचल्या, काकांनी त्या त्या वेळी घड्याळ कुठे नेलं होतं ते सांगितलं.

मग तबकडी. छापील अक्षरांच्या कडा स्वच्छ होत्या, कुठे रंग फुटलेला नव्हता, मिनिटांच्या रेघांची माळ तबकडीच्या काठाला समांतर जात होती. रंगवलेल्या तबकडीत नेमकी इथेच गडबड होते: अक्षरं जाड होतात, रेघा एका बाजूला काठाला चिकटतात आणि दुसऱ्या बाजूला सुटतात. सेकंदकाटा मात्र आखूड होता, रेघांपर्यंत पोचत नव्हता. "हा बदललाय," घड्याळजी म्हणाले. काकांना ठाऊक नव्हतं. मुलानं त्यापोटी थोडी रक्कम कमी करायला सांगितली, काकांनी केली, आणि दोघं एकमेकांना नमस्कार करून निघाले. या व्यवहारात पुढे भांडण होणं शक्यच नाही, कारण भांडणाचं कारण काउंटरवरच सापडलं आणि तिथेच मिटलं.

म्हणून माझं म्हणणं: घड्याळ घरी दाखवू नका, घड्याळजीकडे दाखवा. दिवसाउजेडी, माणसांत, तिसऱ्या जाणत्या माणसासमोर. त्याची उघडायची फी आधीच ठरवून निम्मी निम्मी करा. त्याच्याकडे टाइमग्राफर असेल तर आणखी उत्तम. घड्याळाची टिकटिक ऐकून ते यंत्र पडद्यावर रेघ काढतं. रेघ आडवी आणि सरळ असली तर चाल ठीक, वर चढत गेली तर घड्याळ पुढे पळतंय, खाली उतरत गेली तर मागे पडतंय. यात विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळच येत नाही.

आणि विकणाऱ्यांनो, तुम्ही जे लिहून देता ते तुम्हाला बांधतं. १९३० चा मालविक्रीचा कायदा आजही लागू आहे. वर्णन करून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि विकायचा हक्क तुम्हाला असला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. माल पारखून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची, हे तत्त्वही त्याच कायद्यात आहे, पण "सगळं ओरिजिनल" असं तुम्ही लिहिलंत आणि काटा दुसराच निघाला तर त्या तत्त्वाआड लपता येणार नाही. तबकडी मूळची आहे की नाही हे ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असंच लिहा. ओरखडा असेल तर त्याचा जवळून फोटो टाका. वरवरचा फोटो पाहून आलेलं गिऱ्हाईक समोर येऊन नाक मुरडतं, तेव्हा चूक त्याची नसते.

इथपर्यंत गिऱ्हाइकाची बाजू. आता दुसरी.

"लास्ट किती?" हा एकच प्रश्न विचारणारे. घड्याळ कोणतं, चालतं का, पट्टा कसला, काही नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "लास्ट किती?" यांना उत्तर द्यायचं ते इतकंच: किंमत लिहिलेली आहे, घड्याळ पाहा, मग बोलू. न पाहता किंमत उतरवली तर तुमच्या हातात पुढे काही उरत नाही, कारण तुमची "लास्ट" ही त्याची सुरुवात असते. पाहिल्यावर घासाघीस करणाऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घासाघीस हा बाजाराचा रीतसर भाग आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. थोडी जागा ठेवून किंमत सांगा, तेवढी सोडा, थांबा.

पण फोनवर किंमत पक्की करून दोन लोकल बदलून येणारा, घड्याळ मनगटावर बांधणारा आणि मग पाकीट उघडून "माझ्याकडे एवढेच आहेत" म्हणणारा माणूस, हा घासाघीस करत नाही. त्याला ठाऊक असतं की तुम्ही वेळ काढून आलाय, व्यवहार झाला असं घरी सांगून आलाय, आणि आता रिकाम्या हातानं परत जायला तुम्हाला जड जाईल. तो तुमच्या भिडस्तपणावर डल्ला मारतो. मराठी माणूस इथे हमखास वाकतो. "जाऊ दे, एवढं आलोय तर" म्हणतो. वाकू नका. घड्याळ परत मागून घ्या, खिशात ठेवा, "उरलेले जमले की फोन करा" म्हणा आणि चालायला लागा. आवाज चढवायची गरज नाही. जिन्यापर्यंत पोचायच्या आत उरलेले पैसे मोबाइलवरून येतात, कारण ते पहिल्यापासून होतेच. नाही आले तरी तुमचं काही गेलेलं नसतं, घड्याळ तुमच्याकडे आहे.

"आठवडाभर वापरून बघतो, आवडलं तर पैसे देतो." नाही. उसनं दिलेलं घड्याळ परत येतं तेव्हा काचेवर नवा चरा असतो, किंवा आतलं मशीन दुसरं असतं. हो, मशीन बदललं जातं. झाकण उघडायला आणि एकसारखं दिसणारं मशीन बसवायला जाणत्या हाताला फार वेळ लागत नाही. विकायच्या आधी झाकण उघडून मशीनचा आणि केसवरच्या क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. सेइकोसारख्या घड्याळांच्या मागच्या क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा असतो, त्यामुळे "हे ते घड्याळ नाही" असा वाद निघाला तर तो फोटोच बोलतो. ठेवून घ्यायला सांगणाऱ्याकडून विसार घ्या, आणि विसार परत मिळणार की नाही, किती दिवस थांबणार, हे त्याच वेळी मेसेजवर लिहून टाका. तोंडी विसारातून जेवढी भांडणं निघतात तेवढी किमतीवरूनही निघत नाहीत.

आता तो प्रश्न न विचारणारा.

त्याचा फोन येतो. बोलणं अतिशय नम्र. "सर, मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, घड्याळ बघायला येता येणार नाही. किंमत मान्य. पैसे आत्ता पाठवतो, माणूस येऊन घेऊन जाईल." ओळखपत्राचा फोटोही येतो, गणवेशातला. मग येतो एक क्यूआर कोड. "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात." इथे माणसं फसतात, आणि शिकलेली, बँकेत नोकरी केलेली माणसंही फसतात. एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. स्कॅन करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. दुसरी युक्ती पैसे पाठवल्याच्या खोट्या स्क्रीनशॉटची. हिरवी खूण, तुमचं नाव, रक्कम, सगळं अगदी खऱ्यासारखं. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एसएमएससुद्धा नव्हे, तोही बनावट येतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक स्वतः बघा, मगच घड्याळ हातातून सोडा. फसलातच तर लाजेपोटी गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात. उद्यावर ढकललं तर ते हाती लागणं अवघड.

आपल्या सैनिकांबद्दलचा आदर हे या चोरांचं भांडवल आहे. ज्या आदरानं आपण फोनवर "सर" म्हणतो, त्याच आदराच्या जोरावर ते आपल्याला लुटतात. मला यापेक्षा नीच प्रकार या धंद्यात दिसलेला नाही.

महागड्या स्विस घड्याळांच्या बाबतीत आणखी एक. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीनं घेता येत नाही, आयकर कायद्याची मनाई आहे. "कॅश देतो, थोडं कमी करा" म्हणणाऱ्याला ही मनाई ठाऊक असते. दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या तुम्हाला, होतो. बँकेतून घ्या.

विक्रीनंतरचा फोन. हा सगळ्यात चिवट. तीन आठवड्यांनी येतो. "तुमचं घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढे जातंय, पैसे परत करा." दिवसात ८६,४०० सेकंद असतात. वीस सेकंद म्हणजे चार हजारांतला एक भागही नाही. स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था नव्या कोऱ्या, मुद्दाम जुळवलेल्या यांत्रिक मशीनना प्रमाणपत्र देते, तिथे दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सरासरी चालते. चाळीस वर्षांच्या चावीच्या घड्याळाकडून त्याहून जास्त मागणं हा त्या घड्याळावर अन्याय आहे. क्वार्ट्झच्या सवयीनं लोकांना वाटतं की सेकंद चुकणं म्हणजे बिघाड.

तरी असा फोन आला की लगेच फटकारू नका. एक प्रश्न विचारा: रात्री घड्याळ कुठे ठेवता? स्पीकरवर, लॅपटॉपवर, चुंबकाची कडी असलेल्या मोबाइल कव्हरशेजारी? आतली नाजूक स्प्रिंग चुंबकित झाली की घड्याळ एकदम पळायला लागतं, आणि घड्याळजी ते चुंबकत्व काही क्षणांत उतरवून देतो. एवढं सांगणं हे विकणाऱ्याचं सौजन्य. पैसे परत करणं हे कर्तव्य नव्हे. तसंच पाण्याचं. मागे "५० मीटर" कोरलेलं वाचून माणूस पोहायला जातो आणि काचेच्या आत वाफ धरली म्हणून तुम्हाला फोन करतो. तो आकडा नव्या घड्याळाच्या दाबचाचणीचा असतो, आणि जुन्या घड्याळातलं रबर तर केव्हाच कडक झालेलं असतं. विकतानाच तोंडानं सांगा आणि मेसेजमध्येही लिहा: पाण्यापासून लांब ठेवा.

साधा एक कागद करा. तारीख, घड्याळाचं नाव, क्रमांक, किंमत, दिसलेले दोष, "जसं आहे तसं, पाहून-पारखून घेतलं" आणि दोघांच्या सह्या. काहींना हा कागद म्हणजे अविश्वास वाटतो. ज्याला सही करायचा राग येतो त्याला घड्याळ विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घड्याळ कोणाकडून घेतलं याचा पुरावा घेणाऱ्यालाही याच कागदातून मिळतो.

नातेवाइकांबद्दल थोडक्यात. भाचा म्हणतो, "मामा, मला द्या की, बाहेर कशाला देताय?" द्यायचं असेल तर भेट म्हणून द्या आणि विसरा. विकायचं असेल तर बाहेरच्याला विका. अर्ध्या किमतीत दिलेलं घड्याळ दोन्ही बाजूंनी खुपतं: त्याला वाटतं फुकट द्यायला हवं होतं, तुम्हाला वाटतं पैसेही गेले आणि उपकारही नाही झाले. हप्त्यानं तर अजिबात नको. दर भेटीत त्याच्या मनगटाकडे आपली नजर जाते, आणि ते त्यालाही कळतं.

शेवटी एका गिऱ्हाइकाबद्दल बोललंच पाहिजे, कारण त्याच्यामुळे मी हा विषय घेतला.

घरातला कर्ता माणूस गेला की काही महिन्यांनी त्याचं कपाट आवरलं जातं. त्यात दोन-तीन घड्याळं निघतात. बायकोला ती ठेवायची नसतात, किंवा पैशांची गरज असते. मग कोणीतरी ओळखीतला "घड्याळातलं कळणारा" येतो. तो घड्याळ उचलतो, कानाशी धरतो, तोंड वाकडं करतो. "एचएमटीला आता कोण विचारतं, वहिनी? कंपनीच बंद पडली. हे दुसरं तर बंदच आहे, मशीन गेलंय. मी नेतो, काहीतरी देतो." कंपनी बंद पडली म्हणूनच त्याला मागणी आहे हे तो सांगत नाही. "बंद" घड्याळाला फक्त तेलपाणी हवंय हेही सांगत नाही. कधी कधी त्यात जुनं फावर-लुबा असतं, वेस्ट एंड वॉच कंपनीचं असतं, आणि तेही त्याच चिल्लर भावात जातं. पुढच्याच आठवड्यात तेच घड्याळ त्यानं चढ्या भावानं विकायला काढलेलं असतं.

त्या बाईला किंमत ठाऊक नाही, आणि नवऱ्याच्या वस्तूवर घासाघीस करायची तिची मनःस्थिती नाही, या दोन गोष्टींवर हा माणूस पैसे कमावतो. अशा घरात जाऊन शांतपणे खरा भाव सांगणारेही शौकीन आहेत, मी पाहिलेत, त्यांचा मला आदर वाटतो. पण ते कोण आणि हा कोण, हे दारात उभं असताना कळत नाही.

तेव्हा असं घड्याळ तुमच्या घरात असेल, किंवा शेजारी-पाजारी, मावशीकडे, जुन्या शिक्षकांच्या घरी असेल, तर त्यांना एवढं सांगा. भाव सांगणारा आणि विकत घेणारा हे दोन वेगळे लोक ठेवा. आधी एका घड्याळजीकडे फी देऊन नुसतं तपासून घ्या, त्याला विकायचं नाही हे आधीच सांगून. मग दुसऱ्या कोणाला विचारा. घड्याळ चालत नसेल तरी चावी जोरानं फिरवू नका, घरी उघडू नका, काच चमकवू नका, काळसर झालेली तबकडी कोणाला रंगवू देऊ नका. जुनेपणा पुसला की भाव जातो. आणि मुलानं किंवा सुनेनं सोबत जायचं, आईला एकटीला पाठवायचं नाही.